पगारदाराची शिल्लक

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा कार्यवाहांचा आग्रह झाला, तेव्हा विषयही त्यांनीच सुचविला होता : 'धान्यबाजाराची स्थिती'. परंतु बाजारभाव हा असा जिन्नस आहे की तो छापखान्यातून बाहेर येईतो शिळा होतो. शिवाय सभासद बंधूंना बाजाराची स्थिती आम्ही सांगावी असे थोडेच आहे! तेव्हा ज्याविषयी आपल्या पेठेत फारसे कोणी बोलत नाही, पण ज्याचा संबंध प्रत्येक पेढीशी रोजच्या रोज येतो, अशा एका गोष्टीवर चार शब्द लिहावयाचे आम्ही ठरविले. ती गोष्ट म्हणजे आपल्या पेढीवर पगार घेणाऱ्या माणसाची शिल्लक. दिवाणजी, तोलार, वखारीवरचा माणूस, हमाल, टेम्पो चालविणारा, दुकान झाडणारा पोऱ्या, ही सर्व माणसे महिन्याकाठी किंवा आठवड्याकाठी आपल्या हातून पैसा घेऊन जातात. त्या पैशाचे पुढे काय होते हा प्रश्न व्यापाऱ्याचा नव्हे, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. आम्ही शालान्त परीक्षेपुढे शिकलेलो नाही आणि लेखणी चालली ती रोजकीर्द व खतावणी यांवरच, हे वाचकांनी ध्यानी घेऊन भाषेतील उणेपणाकडे कानाडोळा करावा.

आमच्या वडिलांच्या काळी बेळगावच्या रविवार पेठेत आमच्या पेढीच्या खतावणीची शेवटची पाने नोकरांच्या खात्यांसाठी राखलेली असत. शेजारच्या पेढ्यांतही तीच रीत होती. या खात्यांत दोनच तऱ्हा आढळत. काहींची बाकी जमा बाजूस असे, म्हणजे त्याने पगारातून न उचललेली रक्कम धन्यापाशी ठेवलेली असे. बहुतेकांची मात्र नावे बाजूस. मुलीचे लग्न, बापाचे आजारपण, घराची पडकी भिंत, या कारणांनी घेतलेली उचल दर महिन्यास थोडीथोडी फिटत असे, आणि फिटण्याच्या आत दुसरी उचल अंगावर येत असे. जमा बाजूस असलेला नोकर शहाणा आणि नावे बाजूस असलेला उधळ्या, असा एक सोपा निवाडा पेठेत केला जाई. आमच्या मते दोन्ही खाती चुकीच्या पुस्तकात होती. पगारदाराच्या पैशाची जागा धन्याच्या वहीत नाही. ती त्याच्या स्वतःच्या नावाच्या पासबुकात आहे.

त्या काळी जमेची रीत वाईट होती असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. टपाल कचेरीत बचतीचे खाते १८८२ सालापासून उघडता येत असे हे खरे. पण अंगठा उठविणाऱ्या हमालाने ती खिडकी गाठावी कशी? बँकेच्या पायरीवर तर तो चढतच नसे. अशा माणसाचा पैसा सचोटीच्या धन्याने सांभाळला, त्यावर व्याजही दिले, हे पुण्याचेच काम झाले. परंतु या व्यवस्थेत एक खोट होती. नोकराच्या हाती कागद नसे. धनी जिवंत आणि पेढी अखंड आहे तोवर सर्व सुरळीत चाले. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या म्हणजे माल वाटला जाई, उधारी वाटली जाई, गाद्यागिरद्याही वाटल्या जात. पण तोलाराची साडेतीन हजारांची जमा कोणाच्या वाट्यास जाणार, हे ठरविताना सर्वांचीच स्मरणशक्ती मंद होई. पेढी बसली तर विचारावयासच नको. मोठे सावकार दावा लावीत, आणि ज्याने आयुष्यभर पोती वाहिली त्यास दावा कोठे लावतात हेही ठाऊक नसे.

आज ती अडचण उरलेली नाही. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाल्यापासून शिल्लक न ठेवताही बँकेत खाते उघडता येते. तरीसुद्धा आपल्या पेठेत आजही कित्येक पगार रोखीने दिले जातात, आणि कित्येक नोकर 'मालक, राहू द्या तुमच्याकडंच' म्हणून शेपाचशे मागे ठेवतात. व्यापाऱ्यास ते सोयीचे वाटते, नोकरासही वाटते. शिवाय २०१९ साली अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा कायदा झाला आहे. दहा माणसांचा पैसा ठेव म्हणून वापरणे हा आता केवळ विश्वासाचा प्रश्न राहिलेला नाही, हेही व्यापाऱ्याने जाणावे.

रोख पैसा घरात ठेवण्याचा परिणाम ८ नोव्हेंबर २०१६ नंतरच्या आठवड्यांत सर्वांनी पाहिला. पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा आमच्याकडे पुरुषांपेक्षा स्त्रियाच अधिक आल्या. तांदळाच्या डब्यातून, देव्हाऱ्याच्या मागून, लुगड्याच्या घडीतून निघालेल्या नोटा. नवऱ्यास कळू नये म्हणून ठेवलेल्या त्या शिल्लकीची वाच्यता नवऱ्यासमोरच करण्याची पाळी त्या बिचाऱ्यांवर आली. त्यांतील एकीचे आठ हजार निघाले. तिचा नवरा आमच्याकडे बारा वर्षे काम करीत होता आणि सदैव नावे बाजूस होता! घरात बचत करणारे माणूस कोण आहे हे तेव्हा आम्हांस कळले. तेव्हापासून नव्या माणसास कामावर घेताना आम्ही त्याचे खाते उघडतोच, पण बायकोचेही स्वतंत्र खाते आहे काय हे विचारतो. कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून गृहलक्ष्मी योजनेखाली कुटुंबप्रमुख स्त्रीच्या खात्यात महिना दोन हजार रुपये जमा होऊ लागल्याने पुष्कळ घरांतील ही बंद पडलेली खाती जागी झाली, एवढे मान्य करावयास हवे.

परंतु खाते असणे आणि ते नीट असणे यांत अंतर आहे. आमच्या शेजारच्या पेढीवर एक तोलार होते. त्यांचे नाव येथे देत नाही. माणूस निर्व्यसनी, काट्यावर कधी बोट न ठेवणारा. त्यांनी काटकसरीने बँकेत एक लाख सत्तर हजार रुपये साठविले होते. एका पावसाळ्यात ताप डोक्यात जाऊन चार दिवसांत वारले. विधवा पासबुक घेऊन बँकेत गेली, तेव्हा खात्यावर वारसाचे नाव नोंदविलेलेच नाही असे आढळले. खाते उघडतेवेळी त्या रकान्यात रेघ मारलेली होती. मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, मुलांची संमती, प्रतिज्ञापत्र, जामीनदार, या सर्वांची पूर्तता होईपर्यंत सात महिने गेले. 'मालक, पुस्तक हाय, पैसं हाईत, पण माझं न्हाईत म्हंत्यात,' असे ती आमच्यासमोर म्हणाली. त्या सात महिन्यांत घर चालविण्यासाठी तिने शेकडा तीन रुपये दरमहा दराने कर्ज काढले. हक्काचे पावणेदोन लाख बँकेत, आणि ती वर्षास छत्तीस टक्के व्याज भरीत होती!

एका ओळीचा हा हलगर्जीपणा आहे. प्रत्येक खात्यास नामनिर्देशन करता येते. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर बँकेच्या ठेवीस एकाऐवजी चार जणांपर्यंत नावे देता येतात आणि प्रत्येकाचा हिस्साही नमूद करता येतो. येथे एक सूक्ष्म मुद्दा सांगून ठेवतो, कारण यावरून घरोघरी भांडणे होतात. नामनिर्देशित व्यक्तीस बँक पैसा सुपूर्द करते, याचा अर्थ ती एकटीच त्याची मालक झाली असा नव्हे. वारसांचा हक्क कायम राहतो. पण पैसा अडकून पडत नाही, आणि गरिबाच्या घरी तेच महत्त्वाचे असते.

दुसरी गोष्ट पैसा कोठे ठेवावा याविषयी. आपल्या सीमाभागात पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्था गल्लोगल्ली आहेत. त्यांपैकी चांगल्या संस्थांनी लहान माणसास आधार दिला आहे हे आम्ही नाकारीत नाही. दारावर येऊन रोजची वीस-पन्नास रुपयांची पिग्मी नेणारा दुसरा कोण आहे? परंतु पगारदार मनुष्य 'बँक' आणि 'संस्था' यांत भेद करीत नाही, आणि येथेच तो फसतो. केरळातील पलाई सेंट्रल बँक १९६० साली बुडाली व हजारो ठेवीदार हवालदिल झाले. त्यानंतर देशात ठेवविम्याचा कायदा होऊन १ जानेवारी १९६२ पासून तो अमलात आला. आरंभी हे संरक्षण अवघ्या दीड हजार रुपयांचे होते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेतील एका ठेवीदारास पाच लाख रुपये झाले. हा विमा राष्ट्रीयीकृत व खासगी बँकांना आहे, नागरी सहकारी बँकांनाही आहे; पतसंस्थेला व सौहार्द संस्थेला नाही. व्याज एक-दोन टक्के अधिक मिळते ते या जोखमीपोटी. आमच्या ओळखीच्या एका हमालाची मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम अशाच एका संस्थेत आज काही वर्षे अडकली आहे. लग्न झाले, पण ते उचलीवर. ज्याची सारी शिल्लक एकाच ठिकाणी आहे त्याने ती विमा असलेल्या बँकेत किंवा टपाल कचेरीत ठेवावी असे आमचे स्पष्ट मत आहे. टपाल कचेरीचे पाच वर्षांचे आवर्ती खाते महिना शंभर रुपयांपासून सुरू होते. पिग्मीची सवय ज्यास आहे त्यास शंभर रुपये जड जात नाहीत.

आता तो शंभर रुपये कोठून आणणार, हा प्रश्न कोणी करील. येथे धान्यव्यापारी म्हणून आम्हांस बोलण्याचा थोडा अधिकार आहे. गरीब माणूस महाग खरेदी करतो. पाच माणसांच्या घरी तांदूळ, ज्वारी, डाळ मिळून महिना चाळीस किलो धान्य लागते असे धरू. तो ते किलो-दोन किलोंनी कोपऱ्यावरच्या दुकानातून, बहुधा उधारीने नेतो. पोते घेणारा आणि किलो घेणारा यांच्या दरात किलोमागे चार रुपयांचाच फरक धरला, तरी महिना एकशे साठ आणि वर्षास एक हजार नऊशे वीस रुपये झाले. आपल्याच वखारीत उभा राहून दिवसभर पोती मोजणारा मनुष्य संध्याकाळी किरकोळीने धान्य विकत घेतो, याहून विपरीत काय असावे? आम्ही आमच्या माणसांस सुगीच्या दिवसांत सहा महिन्यांचे धान्य घाऊक दराने देतो आणि त्याची रक्कम सहा हप्त्यांत घेतो. यास व्याज लावीत नाही. हा दानधर्म नव्हे. भाव आमच्या खरेदीचा आणि पैसा त्याचाच.

त्या एक हजार नऊशे वीस रुपयांचे काय होऊ शकते पाहा. मे २०१५ मध्ये सुरू झालेल्या दोन विमा योजना बँकखात्यातून घेता येतात. जीवनज्योती विम्याचा वार्षिक हप्ता जून २०२२ पासून ४३६ रुपये आहे आणि कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास दोन लाख रुपये मिळतात. त्यात वयाच्या अठरा ते पन्नास वर्षांपर्यंत प्रवेश मिळतो. सुरक्षा विमा अपघाताचा. त्याचा हप्ता वीस रुपये, रक्कम दोन लाख, वयोमर्यादा सत्तर. दोन्हींचे मिळून ४५६, नवराबायकोचे ९१२. वर्षाच्या धान्यातून वाचलेल्या पैशांतून हे देऊन एक हजार आठ रुपये उरतात. फक्त एक दक्षता घ्यावी लागते. हा हप्ता मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो, आणि नेमके त्याच सुमारास शाळेची पुस्तके व पेरणीचा खर्च यांनी खाते रिकामे असते. पैसे नसले की विमा तुटतो, आणि तुटल्याचे कोणी घरी येऊन सांगत नाही. आमच्या दिवाणजींनी २० मे ही तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने खुणावून ठेवली आहे.

उचलीविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. धन्याकडून घेतलेल्या उचलीस बहुधा व्याज नसते, हा तिचा गुण. पण तिच्यापायी माणूस पेढी सोडून जाऊ शकत नाही आणि पगारवाढही मागू शकत नाही, हा तिचा अवगुण. आणि काही व्यापाऱ्यांना तोच गुण वाटतो! बाहेरची कर्जे मात्र निराळी. हल्ली दुचाकी, मोबाइल, दूरदर्शन संच, सर्व काही हप्त्यांवर मिळते व 'फक्त शेकडा बारा' असे सांगितले जाते. आपल्या पोरांना कटमिती काढावयास शिकविले असते तर ती फसली नसती. बारा हजारांचे कर्ज वर्षभरात बारा समान हप्त्यांनी फेडावयाचे आणि व्याज सरसकट बारा टक्के, म्हणजे १,४४० रुपये. पण वर्षभर बारा हजार त्याच्यापाशी राहतात कोठे? दर महिन्यास मुद्दल घटत जाते. सरासरी काढली तर वर्षभर त्याच्याकडे साडेसहा हजारच असतात, आणि १,४४० रुपये व्याज त्या साडेसहा हजारांवर पडते. दर झाला शेकडा बावीसच्या आसपास. हा हिशेब आम्ही एकदा वखारीच्या भिंतीवर कोळशाने मांडून दाखविला. आमचा टेम्पोवाला तो पाहून बराच वेळ गप्प उभा राहिला. नंतर म्हणाला, 'म्हणजे मालक, त्यानं मला तोललं, आणि मापातबी मारलं.'

म्हातारपणाची तरतूद हा सर्वांत अवघड विषय आहे, कारण तरुणास तो विषयच वाटत नाही. मोठ्या कारखान्यातील कामगारास भविष्यनिर्वाह निधी असतो. तो १९५२ च्या कायद्याने आला. पण वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनाच तो सक्तीचा. आपल्या पेठेत वीस माणसे असलेल्या पेढ्या किती? बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणजे आपला नोकर साठाव्या वर्षी घरी बसला की त्याच्या हाती काही पडत नाही, तो मुलाच्या दयेवर जगतो. धनी आणि बहुसंख्य नोकर यांची संमती असेल तर लहान पेढीसही स्वेच्छेने निधीत सामील होता येते. परंतु त्याची कागदपत्रे पुष्कळ, म्हणून ते फारसे कोणी करीत नाही. अशांसाठी अटल पेन्शन योजना २०१५ पासून आहे. अठरा ते चाळीस वर्षांच्या माणसाने सामील व्हावे आणि साठीनंतर महिना एक ते पाच हजारांपर्यंत निवृत्तिवेतन घ्यावे. आयकर भरणाऱ्यास मात्र १ ऑक्टोबर २०२२ पासून तीत नव्याने प्रवेश नाही.

पाच हजारांच्या निवृत्तिवेतनासाठी अठराव्या वर्षी आरंभ करणाऱ्यास महिना २१० रुपये भरावे लागतात. तिसाव्या वर्षी आरंभ केला तर ५७७, चाळिसाव्या वर्षी केला तर १,४५४. पहिला बेचाळीस वर्षांत एकूण १,०५,८४० रुपये भरतो; शेवटचा वीस वर्षांत ३,४८,९६० रुपये भरतो; मिळते दोघांना तितकेच. माल एकच, भाव तिप्पट. बाजारात असा सौदा कोणी दाखविला तर आपण सकाळी उठून आधी खरेदीस धावू. पण पोऱ्यास सांगावे तर तो म्हणतो, 'साठ वर्षं कुणी बघितल्यात?' निवृत्तिवेतनधारक वारल्यास तेच वेतन त्याच्या बायकोस मिळते आणि दोघांच्या पश्चात साठलेली रक्कम वारसास, ही गोष्ट सांगितल्यावर मात्र तो ऐकतो. आमचा अनुभव असा की स्वतःच्या म्हातारपणासाठी कोणी पैसा ठेवीत नाही, आईच्या आणि बायकोच्या नावाने ठेवतो. येथे एक प्रांजळपणे सांगितले पाहिजे. बेचाळीस वर्षांनी पाच हजारांत आजच्याइतके धान्य येणार नाही. नवे धान्य वखारीत वाळून जसे तुटीस येते तसा पैसाही येतो. महागाई वर्षास सहा टक्के धरली तर बारा वर्षांत पैशाचे मोल निम्मे होते. म्हणून एवढ्यावर विसंबू नये. ज्यास झेपेल त्याने सार्वजनिक भविष्यनिधीत वर्षास पाचशे रुपयांपासून पंधरा वर्षे भरावे, आणि मुलगी दहा वर्षांच्या आतील असेल तर तिच्या नावाने सुकन्या समृद्धी खाते उघडावे. ते अडीचशे रुपयांत उघडते.

उपदान, ज्यास पेठेत सर्व 'ग्रॅच्युइटी' म्हणतात, त्याची माहिती तर नोकरांपेक्षा आपल्यालाच अधिक हवी. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या दुकानात पाच वर्षे सलग नोकरी झाली की प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन नोकरास द्यावे लागते, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरतात. तेरा हजार वेतन असेल तर वर्षामागे साडेसात हजार होतात. वीस वर्षांच्या नोकरीचे दीड लाख. पुष्कळ तरुण दुसऱ्या पेढीने महिना पाचशे अधिक देऊ केले की चार वर्षे भरताच नोकरी सोडतात. पाचव्या वर्षाचे त्या पाचशेंप्रमाणे सहा हजार मिळाले खरे, पण पाच वर्षांचे साडेसदतीस हजार गेले. नोकरी बदलू नये असे आमचे म्हणणे नाही. बदलण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडावा.

नोकरीतील प्रगतीविषयी दोन शब्द. हमालाचे भांडवल म्हणजे त्याची पाठ. पूर्वी शंभर किलोंचे पोते असे, आता बहुतेक पन्नासाचे असते, तरी पाठ ती पाठच. पंचेचाळिशीनंतर तिच्याने वजन उचलवत नाही, आणि माणूस तोवर दुसरे काही शिकलेला नसतो. आमच्या मते वयाच्या पस्तिशीपर्यंत त्याने तोलाई, वखारीची नोंद, वाहन चालविणे, यांपैकी एक काम शिकून घेतलेच पाहिजे, आणि धन्याने शिकू दिले पाहिजे. माल पारखण्याची विद्या तर पुस्तकात मिळतच नाही. मूठभर तूर हातात घेऊन ओल किती, डागी किती, डाळ किती उतरेल हे सांगणारा माणूस डाळ-गिरणीस पाहिजेच असतो. आमच्याकडे दहावी नापास होऊन आलेला एक मुलगा रोज दुपारी नमुन्यांच्या पिशव्या उघडून बसे. आम्ही हसत असू. तो आज एका गिरणीत खरेदीचे काम पाहतो आणि आमच्या दिवाणजीपेक्षा अधिक पगार घेतो! दिवाणजींच्या बाबतीत तर २०१७ च्या १ जुलैपासून काळच पालटला. ज्यांनी संगणकावर हिशेब आणि वस्तु-सेवा कराची विवरणपत्रे भरण्याचे शिकून घेतले त्यांस चार पेढ्या बोलावतात. ज्यांनी 'आता या वयात' म्हणून हात आखडला ते केवळ जुन्या ओळखीवर टिकून आहेत.

अलीकडे आमच्या वखारीत एक नवाच रोग शिरला आहे. जेवणाच्या सुटीत पोरे मोबाइलवर शेअरबाजारातील वायदा खेळतात. वायदा म्हणजे काय हे धान्यपेठेस कोणी शिकवावयास नको. किती घरे त्यापायी बसली हे आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहे. सेबी या नियंत्रक संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार मागील तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक खेळाडूंपैकी शंभरांतील त्र्याण्णव जणांना तोटाच झाला. बाजारात माल असलेला व्यापारी वायदा करतो तो जोखीम उतरविण्यासाठी; पंधरा हजार पगाराचा माणूस करतो तो जोखीम विकत घेण्यासाठी. दीर्घ मुदतीने, थोडाथोडा पैसा चांगल्या म्युच्युअल फंडात कोणी घातला तर आमची हरकत नाही. पण पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा तेथे घालू नये.

आपल्या घरांतील मुलेही आता पुण्यास, बंगळूरास पगारावर राहतात, हे या निमित्ताने लिहावयास हवे. एके काळी नोकरी करणारा मुलगा म्हणजे पेढीला नालायक, अशी समजूत होती. ती गेली हे बरे झाले. मात्र व्यापाऱ्याच्या घरी वाढलेल्या मुलास पगार सांभाळण्याचे वळण नसते. व्यापाऱ्याची कमाई वर-खाली होते म्हणून तो हात राखून असतो. पगार दर महिन्यास येतो म्हणून मुलगा हात मोकळा सोडतो. त्यास आमचे सांगणे एवढेच की नोकरी बदलताना भविष्यनिर्वाह निधी काढून खाऊ नये, नव्या ठिकाणी वर्ग करावा. २०१४ पासून प्रत्येक सभासदास एकच कायम क्रमांक मिळत असल्याने ते सोपे झाले आहे. सहा महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा ठेवावा. आणि विमा व बचत यांची एकत्र मोट बांधणाऱ्या योजना नातेवाईक विकावयास आले तर चहा पाजून परत पाठवावे.

राहता राहिली व्यापारी बंधूंची शंका, जी उघड बोलून दाखविली जात नाही. नोकराच्या हाती पासबुक आले, चार पैसे जमले, तर तो टिकेल काय? आमच्यापाशी याचे उत्तर आहे ते आमच्याच पेढीचे. उचल बंद करून नोकरांस बचतीला लावल्यापासून गेल्या आठ वर्षांत दोन माणसे सोडून गेली. त्यांतील एक स्वतःचे किराणा दुकान काढून आज आमचाच गिऱ्हाईक आहे आणि उधारी वेळेवर देतो. जी राहिली ती उचलीमुळे राहिलेली नाहीत, हे आम्हांस आणि त्यांनाही ठाऊक आहे. काट्यावर, वखारीच्या किल्लीवर, गल्ल्यावर कोणता माणूस बसवावा याचा विचार करताना ज्याच्या डोक्यावर बाहेरचे छत्तीस टक्क्यांचे कर्ज नाही तो मनुष्य बरा, एवढे तरी कोणीही मान्य करील.

आमच्या पेढीवर अकरा माणसे आहेत. दिवाळीस वहीपूजन झाल्यावर नव्या वहीची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी सर्वांची पासबुके मागवून घेण्याची रीत आम्ही पाडली आहे. कोणाची शिल्लक किती हे आम्ही पाहत नाही, ते पान झाकून ठेवावयास सांगतो. वारसाचे नाव आहे काय, विम्याचा हप्ता कापला गेला काय, पासबुकात नोंदी भरल्या आहेत काय, एवढेच दिवाणजी पाहतात. गेल्या दिवाळीस अकरांपैकी सातांची वारसनोंद पुरी होती. दोघांनी ती पुढच्या आठवड्यात करून आणली. एकाचा आधारकार्डावरील नावाचा घोळ निस्तरावयाचा आहे. अकरावा पोऱ्या अजून अठरा वर्षांचा व्हावयाचा आहे. त्याचे वय फाल्गुनात भरते, आणि त्याच्या दोनशे दहा रुपयांचा अर्ज दिवाणजींनी भरून टेबलाच्या खणात ठेवला आहे.